मठ मोडले, मालक बदलले

१५३६ ते १५४० या चार वर्षांत इंग्लंडमधले आठशेच्या आसपास ख्रिस्ती मठ राजाच्या हुकमाने बंद झाले. त्यांतले कित्येक चारशे-पाचशे वर्षांचे होते, काही त्याहूनही जुने. दहा-बारा हजार संन्यासी आणि नन मठांबाहेर पडले. देशातल्या जमिनीचा फार मोठा वाटा, इतिहासकारांच्या अंदाजाने पाचवा ते चौथा हिस्सा, राजाच्या ताब्यात आला आणि थोड्याच वर्षांत त्यातला बराचसा विकलाही गेला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर एवढी जमीन इतक्या कमी काळात एका हातातून दुसऱ्या हातात कधी गेली नव्हती.

हे घडले धर्मसुधारणेच्या काळात. मार्टिन ल्यूथरने १५२१ मध्येच मठजीवनाच्या मुळावर घाव घातला होता. माणसाचा उद्धार श्रद्धेने होतो. ब्रह्मचर्याची शपथ आणि चार भिंतींआडचे जीवन यांमुळे कोणी देवाच्या जास्त जवळ जात नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते पटलेले अनेक जण जर्मनीत आपण होऊन मठ सोडून गेले. इंग्लंडची गोष्ट वेगळी होती. तिथे मठ बंद झाले ते मुख्यतः राजसत्तेच्या आणि तिजोरीच्या गरजेपोटी. धर्माचा युक्तिवाद सोबतीला होता. मठांकडे मालमत्ता होती तशीच समाजाची काही कामेही होती. मालमत्तेला नवे मालक लगेच मिळाले. कामांना वाली मिळायला साठ वर्षे लागली.

मठ काय करत असत

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडची लोकसंख्या पंचवीस ते तीस लाखांच्या घरात होती. मठ मात्र देशभर पसरले होते. बेनेडिक्टाइन पंथाचे मोठे मठ जुन्या शहरांत होते, सिस्टर्शियन पंथाचे यॉर्कशरसारख्या भागातल्या आडवळणी दऱ्यांत. भिक्षेवर जगणारे आणि प्रवचने देत हिंडणारे ‘फ्रायर’ शहरांच्या वस्तीत राहत. ननांचे मठ बहुधा लहान आणि गरीब असत.

प्रार्थना हे मठाचे पहिले काम. जमिनी दान देणाऱ्यांनी त्या दिल्या होत्या ते आपल्या आणि पूर्वजांच्या आत्म्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना होत राहावी म्हणून. पण मठाच्या भिंतीबाहेरच्या माणसाला मठ दिसे तो वेगळ्या रूपात. मठ हा जमीनदार होता आणि आसपासच्या गावांतली शेकडो कुळे त्याची जमीन कसत. मठात संन्याशांपेक्षा नोकरचाकरच अनेकदा जास्त असत: स्वयंपाकी, भट्टीवाले, गाडीवान, मेंढपाळ, धोबिणी. दाराशी उरलेले अन्न आणि ठरलेल्या दिवशी पैसे वाटले जात. वाटसरूला रात्रीचा आसरा मिळे. थोडी पुंजी असलेला म्हातारा माणूस एकरकमी पैसे भरून मरेपर्यंत मठात अन्न आणि निवारा मिळवू शके. काही मठ मुलांना शिकवत, ननांच्या मठांत सुखवस्तू घरांतल्या मुली राहत आणि शिकत. किनाऱ्यालगतचे समुद्राचे बांध, पूल आणि रस्ते यांची डागडुजीही अनेक ठिकाणी मठांकडेच होती.

हे चित्र सगळीकडे सारखे उजळ नव्हते. कित्येक मठांत चार-पाचच संन्यासी उरले होते, इमारती पडायला आल्या होत्या, नियम सैल झाले होते. मठही जमिनीचा लोभ करत. टॉमस मोरने १५१६ मध्ये लिहिलेल्या ‘युटोपिया’त शेतजमिनीला कुंपणे घालून मेंढ्या पाळणाऱ्या आणि शेतकऱ्यांना देशोधडीला लावणाऱ्या जमीनदारांवर कोरडे ओढले आहेत, त्या जमीनदारांत काही मठाधिपतींचीही गणना आहे. मोर हा पुढे जुन्या धर्मासाठी प्राण देणारा माणूस, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या टीकेचे वजन कळते.

राजा, पोप आणि तिजोरी

आठव्या हेन्रीला पहिली राणी कॅथरीन हिच्यापासून विभक्त व्हायचे होते आणि पोप परवानगी देत नव्हता. त्या झगड्यातून १५३४ चा कायदा झाला आणि इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख राजाच ठरला. लंडनच्या कार्थुशियन मठाचा प्रमुख जॉन हॉटन याने हे मानायला नकार दिला. मे १५३५ मध्ये त्याला फाशी दिले गेले. मठांची निष्ठा देशाबाहेरच्या पोपकडे जाऊ शकते, हा संशय राजाच्या मनात त्यामुळे पक्का झाला.

मठ बंद करून त्यांचे पैसे दुसऱ्या कामाला लावणे हे अगदी नवे नव्हते. पाचव्या हेन्रीच्या काळात परदेशी मठांच्या इंग्लंडमधल्या शाखा जप्त झाल्या होत्या. कार्डिनल वुल्झी याने १५२० च्या दशकात पोपच्या संमतीने वीसहून जास्त लहान मठ मोडले आणि त्या पैशातून ऑक्सफर्डला कॉलेज काढले. हे व्यवहार पाहणारा त्याचा माणूस होता टॉमस क्रॉमवेल. पुढे हाच क्रॉमवेल हेन्रीचा प्रमुख मंत्री झाला. पण वुल्झीच्या वेळी मठाचा पैसा शिक्षणाकडे गेला होता; हेन्रीच्या वेळी तो खजिन्याकडे वळला.

१५३५ मध्ये क्रॉमवेलने देशभरच्या चर्च-मालमत्तेची मोजदाद करवली. ‘व्हॅलॉर एक्लेझिॲस्टिकस’ या नावाने ओळखली जाणारी ही नोंद म्हणजे प्रत्येक मठाची जमीन, खंड, देणी आणि वाटलेले दान यांचा ताळेबंद होता. मठांचे एकत्रित उत्पन्न राजाच्या नेहमीच्या वार्षिक उत्पन्नाहून जास्त भरले. त्याच सुमारास रिचर्ड लेटन, टॉमस ली वगैरे तपासनीस मठामठांत फिरले. त्यांनी आणलेल्या अहवालांत खोटे पवित्र अवशेष, व्यभिचार आणि गैरकारभार यांच्या याद्या होत्या. तपासनीस घाईत होते आणि काय सापडायला हवे हे त्यांना आधीच ठाऊक होते, म्हणून इतिहासकार या याद्या जपूनच वापरतात.

१५३६ मध्ये पार्लमेंटने कायदा केला: ज्यांचे वार्षिक उत्पन्न २०० पौंडांपेक्षा कमी, ते मठ बंद. कारण दिले गेले ते लहान मठांतल्या अनाचाराचे. मोठ्या मठांत धर्म नीट पाळला जातो, असे याच कायद्यात म्हटले होते. जमा होणारी मालमत्ता सांभाळण्यासाठी ‘कोर्ट ऑफ ऑगमेंटेशन्स’ नावाचे नवे खाते उभे राहिले.

उत्तरेचे बंड

ऑक्टोबर १५३६ मध्ये लिंकनशरमधल्या लाउथ गावात पहिली ठिणगी पडली आणि बघता बघता यॉर्कशर पेटले. रॉबर्ट ॲस्क नावाचा वकील या लोकांचा पुढारी झाला. ख्रिस्ताच्या पाच जखमांचे चित्र असलेले झेंडे घेऊन तीस हजारांहून जास्त माणसे डॉनकास्टरपर्यंत चालून आली. त्यांनी आपल्या चळवळीला यात्रेचे नाव दिले होते. इतिहासात ती ‘पिलग्रिमेज ऑफ ग्रेस’ म्हणून ओळखली जाते. वाटेत बंद झालेल्या काही मठांत त्यांनी संन्याशांना परत नेऊन बसवले. करांपासून वारसाहक्कापर्यंत त्यांच्या तक्रारी अनेक होत्या, पण मठ हा त्यांतला मोठा विषय होता.

पकडला गेल्यावर ॲस्कने जी जबानी दिली ती फार मोलाची आहे. उत्तरेकडच्या मठांनी गरिबांना किती आधार दिला, डोंगराळ मुलखात वाटसरूंना आसरा कसा दिला, समुद्राचे बांध आणि पूल कसे राखले, मुलींना कसे वाढवले, हे त्याने एकेक करून सांगितले. मठांचा खंड आता दक्षिणेला राजाकडे जाणार आणि उत्तरेत नाणेही उरणार नाही, ही भीतीही त्याने बोलून दाखवली. मठ गेल्याने काय जाणार आहे, याचा हिशेब एका डोळस माणसाने त्याच वेळी मांडून ठेवला होता.

राजाच्या बाजूने नॉरफकच्या ड्यूकने माफीचे आणि पार्लमेंट भरवण्याचे आश्वासन दिले, लोक घरी गेले. पुढच्या जानेवारीत काही ठिकाणी पुन्हा उठाव झाले आणि राजाला आश्वासन मोडायला निमित्त मिळाले. दोनशेच्या आसपास लोकांना मृत्युदंड झाला. जुलै १५३७ मध्ये ॲस्कला यॉर्कमध्ये साखळदंडांनी लटकवून मारले.

एका मठाचा शेवट

बंडानंतर मोठ्या मठांची पाळी आली. त्यांच्यासाठी सुरुवातीला कायदाच नव्हता. प्रत्येक मठाकडून ‘स्वेच्छेने’ ताबा दिल्याचा कागद लिहून घेतला जाई. १५३९ मध्ये पार्लमेंटने या साऱ्या कागदांना मागाहून कायद्याचे बळ दिले. सही करणाऱ्याला पेन्शन मिळे. नकार देणाऱ्याचे काय होते, ते ग्लॅस्टनबरीच्या वृद्ध मठाधिपतीच्या उदाहरणाने सर्वांना कळले: नोव्हेंबर १५३९ मध्ये रिचर्ड व्हाइटिंगला मठामागच्या टेकडीवर फाशी देऊन त्याचे शिर मठाच्या दारावर लावण्यात आले. रेडिंग आणि कोल्चेस्टरच्या मठाधिपतींचीही तीच गत झाली. २३ मार्च १५४० रोजी वॉल्टमचा मठ ताब्यात आला आणि मठांची यादी संपली.

मठ प्रत्यक्षात कसा मोडला जाई, याचे सर्वांत जिवंत वर्णन यॉर्कशरमधल्या रोश मठाचे आहे. हा सिस्टर्शियन मठ जून १५३८ मध्ये बंद झाला. जवळच्या गावचा धर्मगुरू मायकेल शेरब्रुक त्या वेळी लहान होता. घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेली हकीकत त्याने पुढे म्हातारपणी लिहून ठेवली.

अधिकारी आले, कागद झाला आणि संन्याशांना जायला सांगितले गेले. प्रत्येकाला त्याची खोली दिली होती, पण खोलीत बिछाना आणि कपडे यांखेरीज विकण्याजोगे काही नव्हते. एका संन्याशाने शेरब्रुकच्या काकाला गळ घातली की निदान माझ्या खोलीचे दार तरी दोन पेनीला घ्या. दार करायला त्याच्या कितीतरी पट खर्च आला होता, पण काकाला त्याचा उपयोग नव्हता. मग लूट सुरू झाली. छताचे शिसे ही सर्वांत किमती वस्तू, ती राजाची. ते वितळवायला संन्याशांच्या प्रार्थनेच्या कोरीव लाकडी आसनांचेच सरपण झाले, जवळ जंगल असूनही. प्रार्थनेच्या पुस्तकांची पाने गाडीवानांनी गाडीच्या छपराची भोके बुजवायला नेली. कथलाच्या ताटवाट्या लोकांनी खडकांच्या कपारींत लपवल्या. लोखंडी आकडे, दारांच्या कड्या, लाकूड, ज्याला जे मिळेल ते त्याने नेले. काही दिवसांपूर्वी याच चर्चमध्ये गुडघे टेकणारी माणसे त्यांत होती.

शेरब्रुकच्या वडिलांनीही चर्चचे थोडे लाकूड विकत घेतले होते. मुलाने त्यांना पुढे तीसेक वर्षांनी विचारले, की संन्याशांबद्दल तुमचे मत वाईट होते का? वडील म्हणाले, नाही, चांगलेच होते. मग तुम्ही असे का केलेत? त्यावर त्यांचे उत्तर साधे होते: सगळे जाणारच आहे हे दिसत होते, मग इतरांनी घेतले तसे आपणही थोडे घ्यावे, यात काय चूक? उत्तरेचे बंड मोडल्यावर मठ पाडताना गावोगावी मोठा विरोध का झाला नाही, याचे कारण या एका उत्तरात सापडते. भीती होतीच, पण वाटाही होता.

बाहेर पडलेली माणसे

मोठ्या मठांतल्या संन्याशांना वर्षाला साधारण पाच पौंड पेन्शन मिळाली. साध्या मजुराच्या वर्षभराच्या कमाईएवढी ती रक्कम होती. महागाई वाढत गेली तशी ती अपुरी पडू लागली. मठाधिपतींची चंगळ झाली. काहींना मोठ्या जहागिरदारासारखे उत्पन्न मिळाले, काही बिशप झाले. गिसबरो मठाचा शेवटचा प्रमुख रॉबर्ट पर्सग्लव्ह याने पुढे गिसबरो आणि टाइड्सवेल इथे शाळा काढल्या. अनेक साधे संन्यासी गावातल्या चर्चचे धर्मगुरू झाले. फ्रायरांना मात्र पेन्शन मिळालीच नाही, कारण त्यांच्याकडे जमीन नव्हती.

सर्वांत कठीण अवस्था ननांची झाली. त्यांना मिळालेली पेन्शन संन्याशांच्या निम्म्याच्या आसपास, दोन-तीन पौंडांची असे. पुरुषांना धर्मगुरूची नोकरी करता येई, स्त्रियांना तो मार्गच नव्हता. लग्नाचा रस्ताही बंद: १५३९ च्या कायद्याने ब्रह्मचर्याची शपथ मोडणे हा गुन्हा ठरवला होता, आणि धर्मगुरूंच्या लग्नांना मोकळीक मिळाली ती १५४९ मध्ये, हेन्रीच्या मृत्यूनंतर. बहुतेक नन भावाच्या किंवा पुतण्याच्या घरी गेल्या. लंडनजवळच्या सायन मठातल्या ननांनी मात्र एकत्र राहण्याचा हट्ट सोडला नाही. फ्लँडर्स, फ्रान्स आणि पोर्तुगाल असा प्रवास करत त्यांची संस्था १८६१ मध्ये इंग्लंडला परतली आणि २०११ पर्यंत टिकली.

मागे पडलेल्या पोकळीचा विचार केला तर ननांच्या मठांचे महत्त्व जास्त जाणवते. लग्न न करता, नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या अधिकाराखाली न राहता सन्मानाने जगण्याची, वाचण्या-लिहिण्याची आणि एखादी संस्था चालवण्याची संधी बाईला तिथेच मिळे. शाफ्ट्सबरीसारख्या मठाची प्रमुख स्त्री मोठ्या जहागिरीचा कारभार पाहत असे. धर्मसुधारकांनी घर आणि संसार हीच स्त्रीची पवित्र जागा मानली. दुसरी जागा त्यांनी तिच्यासाठी ठेवली नाही.

जमीन कोणाकडे गेली

राजाने मठांच्या जमिनी आपल्या मर्जीतल्या लोकांना फुकट वाटल्या, असा समज आहे. काहींना तशा मिळाल्याही, पण बहुतेक जमीन विकली गेली, सर्वसाधारणपणे वार्षिक उत्पन्नाच्या वीस पट दराने. १५४० च्या दशकात फ्रान्स आणि स्कॉटलंडशी युद्धे सुरू झाली आणि हेन्रीला रोख पैसा हवा होता. १५४७ मध्ये तो मेला तेव्हा मठांची निम्म्याहून अधिक मालमत्ता राजाच्या हातून गेली होती. जी जमीन राखून राजघराणे करांसाठी पार्लमेंटकडे हात न पसरता चालू शकले असते, ती तोफा आणि पगारांत संपली. पुढच्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या पैशाच्या भांडणांची एक मुळी इथे आहे.

घेणारे कोण होते? दरबारी, वकील, व्यापारी आणि आधीपासून थोडीफार जमीन असलेली ग्रामीण घराणी. टिचफील्डचा मठ मंत्री टॉमस रायथस्ली याने राहत्या वाड्यात बदलला. न्यूस्टेडचा मठ बायरन घराण्याकडे गेला. कवी बायरनचे बालपणातले काही दिवस तिथे गेले. वोबर्न रसेल घराण्याला मिळाले आणि लंडनमधली कव्हेंट गार्डनची जमीन, जिथे वेस्टमिन्स्टरच्या मठाची बाग होती, तीही १५५२ मध्ये त्यांच्याकडेच गेली. माम्सबरीत विल्यम स्टम्प या कापड व्यापाऱ्याने मठाच्या इमारतींत माग बसवले. ट्यूक्सबरीच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून मठाचे चर्च ४५३ पौंडांना विकत घेतले, म्हणून ते आजही उभे आहे.

जमिनीबरोबर आणखी दोन गोष्टी खासगी हातांत गेल्या. मठांकडे अनेक गावांच्या चर्चचा दशमांश, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, घेण्याचा आणि तिथे धर्मगुरू नेमण्याचा हक्क होता. नव्या मालकांना तो मिळाला. देशातल्या एक तृतीयांशाहून अधिक गावांत चर्चसाठी दिलेले धान्य जमीनदाराच्या कोठारात जाऊ लागले. दुसरे, सरदारसभेत बसणारे मठाधिपती नाहीसे झाल्याने त्या सभागृहात धर्मेतर सरदारांचे कायमचे बहुमत झाले.

या खरेदीचा सर्वांत खोल परिणाम राजकीय होता. १५५३ मध्ये राणी मेरी गादीवर आली आणि तिने देश पुन्हा पोपकडे नेला. पण पार्लमेंट तयार झाले ते एका अटीवर: मठांच्या जमिनी परत मागायच्या नाहीत. पोपच्या वतीने कार्डिनल पोलला ते मान्य करावे लागले. मेरीने वेस्टमिन्स्टरसह मोजकेच मठ पुन्हा सुरू केले. १५५९ मध्ये पुढची राणी एलिझाबेथ हिने तेही बंद केले. जमीन घेणाऱ्यांत कॅथलिक घराणीही होती. श्रद्धा जुनी असली तरी खरेदीखत नवे होते, आणि प्रार्थना बदलता आल्या तरी सातबारा बदलता आला नाही.

कुळे, गरीब आणि आजारी

नव्या मालकाने भाव देऊन जमीन घेतली होती आणि त्याला परतावा हवा होता. हेन्री ब्रिंकलो हा स्वतः एके काळचा फ्रायर आणि कट्टर सुधारणावादी. पण १५४० च्या दशकात त्याने लिहिले की संन्यासी जमीनदार नव्या मालकांपेक्षा बरे होते, कारण ते खंड जुन्या दरानेच ठेवत. यात थोडी अतिशयोक्ती आहे. शेतजमिनींना कुंपणे आधीपासून घातली जात होती, महागाई वाढली ती वाढत्या लोकसंख्येमुळे आणि नाण्यांतली चांदी कमी केल्यामुळेही. साऱ्या हालअपेष्टांचे खापर मठबंदीवर फोडता येत नाही. पण नेमक्या वाईट काळात आधाराचा एक जुना खांब काढला गेला, हे खरे आहे.

मठांचे दान किती होते, यावर इतिहासकारांत बराच वाद झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर सविन याने १५३५ च्या ताळेबंदावरून हे दान उत्पन्नाच्या तीन टक्क्यांहून कमी ठरवले. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की त्या नोंदीत फक्त कायद्याने बंधनकारक असलेले दान धरले होते; दाराशी रोज वाटलेले अन्न आणि नेहमीचा पाहुणचार त्यात नव्हताच. खरा आकडा त्याहून बराच जास्त असणार.

इस्पितळांची हानी तर डोळ्यांत भरणारी होती. यॉर्कचे सेंट लेनर्ड्स हे देशातल्या सर्वांत मोठ्या इस्पितळांपैकी एक १५३९ मध्ये बंद झाले. लंडनमध्ये सेंट बार्थोलोम्यू आणि सेंट टॉमस इथले आजारी रस्त्यावर येणार हे दिसताच लॉर्ड मेयर रिचर्ड ग्रेशमने १५३८ मध्ये राजाकडे इस्पितळे शहराच्या ताब्यात देण्याची मागणी केली. हाच ग्रेशम दोन वर्षांनी यॉर्कशरच्या फाउंटन्स मठाची जमीन विकत घेणारा. एकाच माणसात त्या काळाची दोन्ही अंगे होती. शहराला सेंट बार्थोलोम्यू मिळाले ते १५४६ मध्ये, सेंट टॉमस त्यानंतर काही वर्षांनी. १५५२ मध्ये फ्रान्सिस्कन फ्रायरांच्या जुन्या इमारतीत अनाथ मुलांसाठी क्राइस्ट्स हॉस्पिटल सुरू झाले. लंडन श्रीमंत होते म्हणून हे जमले. लहान गावांना जमले नाही.

सरकारचा पहिला प्रतिसाद शिक्षेचा होता. १५४७ च्या कायद्याने काम न करता भटकणाऱ्या माणसाला डाग देऊन दोन वर्षे गुलाम करण्याची मुभा दिली. हा कायदा इतका क्रूर होता की तो राबवणेच अवघड झाले आणि दोन-तीन वर्षांत रद्द करावा लागला. त्यानंतर सरकार हळूहळू शिकत गेले. आधी चर्चमध्ये ऐच्छिक वर्गणी, मग ती न देणाऱ्याची कानउघाडणी, १५७२ मध्ये सक्तीचा कर, आणि शेवटी १५९८ व १६०१ चे गरीब-कायदे. त्यांनी प्रत्येक गावावर आपल्या गरिबांची जबाबदारी टाकली, कर बसवला आणि तो वाटायला अधिकारी नेमले. अपंग आणि म्हाताऱ्यांना मदत, धडधाकटांना काम, अनाथ मुलांना धंद्याचे शिक्षण अशी त्यांची रचना होती. हीच चौकट १८३४ पर्यंत टिकली. दान देणाऱ्याच्या पुण्यासाठी दिले जाई. कर मात्र गरिबाच्या गरजेसाठी घेतला गेला. हा बदल मोठा होता आणि मठ गेले नसते तर तो इतक्या लवकर झाला नसता. पण मधल्या दोन पिढ्यांनी त्याची किंमत उपाशी राहून मोजली.

पुस्तके आणि शाळा

ग्रंथसंग्रहांचे नुकसान भरून न येणारे ठरले. जॉन बेल हा सुधारणावादी लेखक मठांचा कट्टर विरोधक. १५४९ मध्ये त्यानेच कळवळून लिहिले की मठांची पुस्तके दिवे घासायला, बूट पुसायला, वाण्यांना पुड्या बांधायला गेली आणि जहाजे भरून परदेशी पुस्तकबांधणीवाल्यांकडे पाठवली गेली. जॉन लेलँडने मठांचे ग्रंथ पाहून याद्या केल्या, आर्चबिशप मॅथ्यू पार्करने आणि पुढे रॉबर्ट कॉटनने हस्तलिखिते गोळा केली. लिंडिसफार्नचे सचित्र शुभवर्तमान आज ब्रिटिश लायब्ररीत आहे ते कॉटनच्या संग्रहामुळे. वाचलेले थोडे असे व्यक्तिगत ध्यासाने वाचले. राज्याने त्यासाठी काही केले नाही.

राजाने आश्वासन मात्र दिले होते. १५३९ च्या कायद्याच्या मसुद्यात हेन्रीने स्वतःच्या हाताने लिहिले होते की मठांच्या पैशातून नवे बिशप, शाळा, गरिबांसाठी आसरे आणि रस्ते होतील. प्रत्यक्षात सहा नवी बिशपक्षेत्रे झाली, त्यांतले वेस्टमिन्स्टर दहा वर्षांत गुंडाळले गेले. कँटरबरी, डरम यांसारखी आधी मठांकडे असलेली कॅथीड्रले संन्याशांविना नव्या रूपात चालू राहिली आणि त्यांना शाळा जोडल्या. १५४६ मध्ये केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज आणि ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च उभे राहिले. एकूण मालमत्तेच्या मानाने हे फारच थोडे होते. वूस्टरचा बिशप ह्यू लॅटिमर पक्का सुधारणावादी होता. त्यानेही क्रॉमवेलला विनवले होते की ग्रेट मॉल्व्हर्नचा मठ, आणि प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन मठ, शिक्षण आणि अन्नदानासाठी राखावेत. त्याचे कोणी ऐकले नाही.

दुसरी वाट

हे होणारच होते असे नाही. जर्मनीतल्या हेस राज्यात फिलिपने मठांच्या उत्पन्नातून १५२७ मध्ये मारबुर्ग विद्यापीठ काढले आणि १५३३ मध्ये हाइना व मर्क्सहाउझन इथल्या मठांची ग्रामीण गरिबांसाठी इस्पितळे केली. हाइनात आजही रुग्णालय आहे. झुरिकमध्ये १५२५ पासून डोमिनिकन मठात गरिबांना रोज शिजवलेले अन्न मिळू लागले, खर्च मठांच्या उत्पन्नातून. सॅक्सनीत माइसन आणि फोर्टा इथल्या मठांत १५४३ मध्ये सरकारी शाळा निघाल्या. तिथल्या राजांनीही आपला वाटा घेतला, सगळी मालमत्ता लोककार्याला गेली असे नाही. पण निदान ठरावीक हिस्सा ठरावीक कामासाठी बांधून ठेवला गेला. धर्मसुधारणेचे वारे दोन्हीकडे होते. फरक पडला तो मालमत्तेचे काय करायचे या निर्णयाने.

मठ बंद व्हावेत की नाहीत, यावर त्या काळात प्रामाणिक मतभेद होते. अनेक मठांचा मूळ हेतू हरवला होता आणि देशाच्या जमिनीचा एवढा हिस्सा कायमचा त्यांच्या ताब्यात असणे बऱ्याच जणांना अयोग्य वाटत होते. पण संस्था मोडताना तिची मालमत्ता आणि तिची कामे यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. इंग्लंडमध्ये पहिला हिशेब चार वर्षांत उरकला गेला, दुसरा १६०१ पर्यंत लांबला. त्या दोहोंमधल्या काळात कोणाला जमीन मिळाली आणि कोणाचा आसरा गेला, हाच मठबंदीच्या सामाजिक इतिहासाचा गाभा आहे.